मूल कोणाकडे राहणार? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलगी चार वर्षांची आहे. मी घर सांभाळते, नवऱ्याला चांगला पगार आहे. ‘तुझी पोसायची ऐपत नाही, कोर्ट मुलगी मलाच देईल,’ असं तो म्हणतो. खरं आहे का?

नाही. ऐपतीचा प्रश्न पोटगीने सुटतो. मुलगी तुमच्याकडे राहिली तरी वडिलांची खर्चाची जबाबदारी संपत नाही. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ६ प्रमाणे पाच वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे आईकडे राहतं. अर्थात याला अपवाद होतात, आणि पाचवा वाढदिवस झाला म्हणून ताबा आपोआप वडिलांकडे जातो असंही नाही. त्याच कायद्याच्या कलम १३ मध्ये मुलाचं हित सगळ्यांच्या वर ठेवलं आहे.

आता हे हित दाखवायचं कसं? बहुतेक शपथपत्रांत दहा पानं जोडीदाराच्या तक्रारी असतात आणि मुलाबद्दल दोन ओळी. तुम्ही उलटं करा. मुलीला सकाळी कोण उठवतं, शाळेत कोण सोडतं, ताप आला तर रात्री कोण जागतं, तुम्ही नोकरी धरलीत तर त्या वेळेत ती कोणाजवळ असेल, हे वेळेसकट लिहा. सोबत लसीकरणाचं कार्ड, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, पालकसभेतल्या सह्या, वर्गशिक्षिकेशी झालेले मेसेज जोडा. नवरा वाईट आहे हे सिद्ध झालं तरी तुम्ही मुलीचं रोजचं सगळं करता हे सिद्ध होत नाही, आणि न्यायाधीशांना पाहायचं असतं ते हेच.

मूळ अर्जाबरोबरच अंतरिम ताब्याचा आणि पोटगीचा अर्जही द्या. घटस्फोटाचा दावा चालू असेल तर तो हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २६ खाली करता येतो. मुलांच्या पोटगीचा आणि शिक्षणखर्चाचा अंतरिम अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा, असं त्या कलमातच म्हटलं आहे. ‘शक्यतो’ला वकील मंडळी हसतात, पण तारखेला त्यावर बोट ठेवायला हरकत नाही.

प्रश्न : आम्ही पुण्यात राहत होतो. तीन महिन्यांपूर्वी बायको सात वर्षांच्या मुलाला घेऊन नागपूरला माहेरी गेली. अर्ज कुठे करू? मुलाला शाळेतून परस्पर घेऊन आलो तर?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी : तसं करू नका. शाळेच्या फाटकातून मूल उचलून आणणाऱ्याकडे कोर्ट संशयानेच पाहतं, आणि समोरचा पक्ष थेट उच्च न्यायालयात हेबिअस कॉर्पस, म्हणजे मुलाला कोर्टापुढे हजर करायला लावणारी याचिका, दाखल करू शकतो.

अर्ज कुठे, याचं उत्तर पालक व पाल्य अधिनियम, १८९० च्या कलम ९ मध्ये आहे. मूल जिथे सामान्यतः राहतं, तिथलं कोर्ट. थोड्या दिवसांसाठी नेलं म्हणून हे ठिकाण बदलत नाही, पण नागपूरच्या शाळेत दाखला झाला, वर्ष सरलं, की तुमची बाजू पातळ होत जाते. म्हणून उशीर नको. पुण्यात वैवाहिक दावा आधीच दाखल असेल, तर त्यातच ताब्याचा अर्ज करता येईल. पत्नी दावा नागपूरला वर्ग करून मागू शकते. दोन्ही ठिकाणं एकाच उच्च न्यायालयाखाली येत असल्याने तो अर्ज मुंबई उच्च न्यायालयात जातो.

तोवर भेटीचा अंतरिम अर्ज लावा, आणि त्यात मोघम काही मागू नका. ‘वाजवी भेट मिळावी’ असा आदेश म्हणजे दर शनिवारी नवं भांडण. असं मागा : महिन्याचा पहिला व तिसरा शनिवार सकाळी ११ ते रविवार संध्याकाळी ५, मुलाला कोण आणणार आणि कोण नेणार, दर बुधवारी साडेसातला व्हिडिओ कॉल, दिवाळी व उन्हाळ्याची सुट्टी अर्धी-अर्धी, मूल आजारी पडलं तर बदली दिवस कोणता. मूल लहान असेल किंवा बरेच दिवस भेट नसेल, तर कोर्ट आधी आवारातल्या मुलांच्या खोलीत तासभराची भेट देतं. अपमान वाटून ती नाकारणारे वडील बरेच असतात. भेटीला न गेल्याची नोंद राहते आणि रात्रीच्या मुक्कामाची मागणी करताना तीच आडवी येते.

प्रश्न : मुलगा अकरा वर्षांचा आहे. तो म्हणेल तसंच होतं का?

त्याचं म्हणणं ऐकलं जातं, निकाल मात्र न्यायाधीशांचा असतो. १८९० च्या कायद्याचं कलम १७ सांगतं की, समजून-उमजून पसंती सांगण्याइतकं मूल मोठं असेल तर ती विचारात घेता येते. ठरावीक वय कायद्यात नाही. न्यायाधीश बहुधा चेंबरमध्ये, आईवडील आणि वकिलांना बाहेर ठेवून बोलतात. त्याआधी विवाह समुपदेशकांचा अहवाल मागवला गेलेला असू शकतो.

पढवून पाठवू नका. ‘बाबा आमचा मानसिक छळ करतात’ असं वाक्य अकरा वर्षांच्या तोंडी आलं की ऐकणाऱ्याला ते कुठून आलं ते कळतं. पुढचे प्रश्न साधे असतात : कोणता छळ, कधी, तू तेव्हा कुठे होतास? तिथे मूल अडकतं. २०१७ च्या विवेक सिंग विरुद्ध रोमानी सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुलाला एका पालकाविरुद्ध फिरवण्याच्या प्रकाराची गंभीर दखल घेतली होती. दुसऱ्या पालकाशी नातं टिकू देणं हीसुद्धा तुमची लायकी म्हणून मोजली जाते.

प्रश्न : एकदा ताबा गेला की कायमचा गेला का? आणि वकील लागतोच का?

परिस्थिती बदलली की आदेश बदलून मागता येतो : बदली, गंभीर आजार, भेटीत सतत अडथळे, मुलाचं वाढतं वय. ‘मला पटत नाही’ एवढं कारण चालत नाही. अंतिम निकालावर उच्च न्यायालयात अपिलाची मुदत ३० दिवस.

कुटुंब न्यायालयात वकील हा पक्षकाराचा हक्क नाही (कुटुंब न्यायालय अधिनियम, १९८४ चं कलम १३), परवानगी घ्यावी लागते. समेट झाला तर ठरलेल्या अटी तारखा-वेळांसह लेखी द्या आणि कोर्टाच्या आदेशात घालून घ्या. तोंडी कबुलीच्या आधारावर पुढे अंमलबजावणी मागता येत नाही.