ठेसन, ठाणं आणि थांबा

प्रश्न असा आला आहे: "आमच्या गावच्या रेल्वे स्टेशनचा इतिहास लिहितो आहे. पूर्वी तिथे स्टेशनमास्तर होता, गाड्यांचं क्रॉसिंग व्हायचं. आता नुसता 'हॉल्ट' उरलाय. त्याला 'स्थानक' लिहावं की 'थांबा'? आजोबा 'ठेसन' म्हणत, ते अशुद्ध म्हणून लेखातून काढलं आहे."

आधी सरळ उत्तर. हॉल्ट म्हणजे थांबा. एसटीच्या बाबतीत बसस्थानक आणि बसथांबा यांत आपली गल्लत होत नाही, मग रेल्वेनंच काय घोडं मारलंय? स्टेशनातला मास्तर शेजारच्या स्टेशनाशी बोलून 'लाइन क्लिअर' घेतो, आणि ती मिळाल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही. एकेरी मार्गावर हा परवाना डोळ्यांना दिसायचा: मोठ्या कड्याला अडकवलेली पिशवी, तिच्यात लोखंडी गोळा, आणि ते कडं उंच धरून फलाटाच्या कडेला उभा राहिलेला माणूस. चालत्या इंजिनातून ड्रायव्हर हात बाहेर काढून ते उचलायचा. हॉल्टवर यातलं काही नसतं. गाडी येते, थांबते, निघून जाते. तिकिटंसुद्धा बऱ्याच ठिकाणी कमिशनवर नेमलेला माणूस विकतो. तरी बातम्यांत हॉल्टला सर्रास 'स्थानक' लिहितात. चूक आहे ती.

पण 'ठेसन' अशुद्ध? हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. परवाच गाडीत एका आजींनी "ठेसन आलं का रं?" म्हणून विचारलं आणि नातवानं चारचौघांत त्यांना "स्टेशन म्हण" म्हणून दटावलं. चुकत होता तो नातू.

इंग्रजी 'स्टेशन' आलं लॅटिनमधल्या 'उभं राहणे' या क्रियापदावरून, आणि ते क्रियापद आपल्या 'स्था' धातूचं सख्खं भावंड. त्याच 'स्था'पासून स्थान, आणि स्थानापासून ठाण, ठाणं. शब्दाच्या सुरुवातीचा 'स्' गळताना पुढच्या व्यंजनात हकार ठेवून जातो, ही प्राकृताची जुनी खोड: स्तनाचं थान झालं, 'स्तंभ'मधून थांबणं आलं. (तुमचा 'थांबा' त्याच घरातला. खांबासारखं निश्चल होणं म्हणजे थांबणं.) आजींच्या जिभेनं 'स्टे'चा 'ठे' केला तो याच वळणावर.

यावर जाणकार म्हणतात, "हे नुसतं उच्चारसुलभीकरण, यात व्युत्पत्ती कसली शोधता?" मला हे अजिबात मान्य नाही. सोपंच करायचं होतं तर हिंदी पट्ट्यासारखं 'टेसन' पुरलं असतं. आणि मग स्टोव्हचा 'ठो' का झाला नाही? गावाकडे तो 'इस्टो'च राहिला, स्टँडचाही 'ष्ट्यांड' झाला. 'ठ' मिळाला तो एकट्या स्टेशनला, कारण मराठी माणसाच्या कानात 'ठाणं' आधीच होतं. ठाणं म्हणजे चौकी, अंमलदार बसतो ती जागा. तिथला तो ठाणेदार. पोलीस स्टेशनचं 'पोलीस ठाणं' सहज झालं, तसंच मास्तर, घंटा आणि बावटा असलेल्या या नव्या ठाण्याचं 'ठेसन' झालं. सुलभीकरणवाल्यांनी 'इस्टो'चं उत्तर द्यावं, मग बोलू.

आणि आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून पहिली प्रवासी गाडी सुटली, ती साधारण 34 किलोमीटरवरच्या ठाण्याला गेली. शिलाहार राजांच्या कोरीव लेखांत ठाण्याचं नाव आहे 'श्रीस्थानक'. म्हणजे हिंदुस्थानातली पहिली प्रवासी गाडी ज्या गावाला पोचली, त्याचं नावच मुळात 'स्थानक'! 'ठाणे स्थानक' असं लिहितो तेव्हा आपण एकच शब्द दोनदा लिहितो, एकदा प्राकृताच्या तोंडून आणि एकदा संस्कृताच्या. हे पहिल्यांदा ध्यानात आलं तेव्हा मी ठाण्याच्या फलाटावर पाटीखाली उभा होतो आणि माझी लोकल निघून गेली.

तुमच्या लेखाचं म्हणाल, तर आजच्या जागेला 'थांबा' लिहा. पण मास्तर होता, गाड्यांचं क्रॉसिंग होत होतं, त्या काळाबद्दल लिहाल तिथे आजोबांचं 'ठेसन' परत घाला, आणि अवतरणचिन्हं न लावता.