एकच फरशी, न परतणारी नक्षी

प्रश्न : मी फरशी बसवतो. एकाच आकाराच्या तुकड्यांनी कितीही जमीन भरली तरी नक्षीची पुनरावृत्ती ठरावीक अंतराने होतच नाही, असा आकार खरंच सापडलाय?

उत्तर : हो, दादा. इंग्लंडमधले निवृत्त छपाई तंत्रज्ञ डेव्हिड स्मिथ यांना २०२२ मध्ये तेरा बाजूंची ‘टोपी’ सापडली. २०२३ मध्ये तिघा संशोधकांसोबत सिद्धताही आली. त्याआधी गणितज्ञ रॉजर पेनरोज यांना अशा नक्षीसाठी दोन आकार लागले होते! मी पुठ्ठ्याचे साठ तुकडे कापून जेवणाच्या टेबलावर जुळवले. काही तुकडे उलटे ठेवावे लागतात. फरशीची पाठ खडबडीत, म्हणून तुम्हाला आरशातल्या आकाराचा दुसरा साचा लागेल. त्याच चौघांचा ‘स्पेक्टर’ हा दुसरा आकार मात्र न उलटता बसतो. त्याच्या कडा वळणदार कापा, म्हणजे उलटा तुकडा जुळणारच नाही.