टेप अडकली आहे, घाई करू नका
(‘जुने संगणक : तुमचे प्रश्न’)

प्रश्न : माझ्या वडिलांचा छापखाना होता. नव्वदच्या दशकात त्यांनी जुळणी केलेल्या दिवाळी अंकांची पाने ‘डीसी २१२०’ टेपांवर (संगणकातली माहिती साठवणाऱ्या चुंबकीय फितीच्या कार्ट्रिज, म्हणजे बंद डब्या) साठवून ठेवली आहेत. त्या वाचणारा ड्राइव्ह ‘कोलोरॅडो जंबो २५०’ आहे. जुन्या पेंटियम संगणकाला जोडला तर दिवा लागतो, मोटर घरघरते, पण टेप जागची हलत नाही. एका कार्ट्रिजमध्ये तर फीत एका चकतीवरून पूर्ण सुटली आहे. काय करावे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : सर्वांत आधी, उरलेली एकही टेप ड्राइव्हमध्ये घालू नका. वडिलांच्या टेपेवर ड्राइव्हची चाचणी घेणे मला मुळीच मान्य नाही. चाचणीसाठी जुन्या बाजारातून कोरी किंवा निकामी टेप मिळवा.

लक्षणांवरून दोष बहुधा रबरी रोलरचा आहे. या ड्राइव्हमध्ये मोटरच्या दांड्यावर एक छोटा रबरी रोलर असतो. तो कार्ट्रिजच्या कडेच्या चाकाला घासून ते फिरवतो. ते चाक आतला लवचिक पट्टा ओढते आणि पट्टा दोन्ही चकत्यांवरची फीत पळवतो. पंचवीस-तीस वर्षांत ते रबर काकवीसारखे चिकट होते. छापखान्यांचे संगणक दुरुस्त करण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. अलीकडे माझ्याकडे येणाऱ्या अशा ड्राइव्हमध्ये मी आधी रोलरच पाहतो.

झाकण काढून रोलरला नख लावून पाहा. चिकटत असेल, पण आकार शाबूत असेल, तर व्यास व्हर्नियरने आत्ताच मोजून ठेवा. मग जुने रबर खरवडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने दांडा पुसा आणि त्याच बाहेरच्या व्यासाची सिलिकॉन नळी घट्ट बसवा. व्यास बदलला की फितीचा वेग बदलतो आणि मग वाचनात चुका येतात. फीत वाचणारे रीड हेडही त्याच अल्कोहोलने पुसून घ्या. आधी आत घातलेल्या टेपांच्या चाकांना काळा डिंक लागला असेल, तर तोही काढा, नाहीतर नवा रोलर घसरेल.

आता सुटलेली फीत. या कार्ट्रिजमध्ये फितीची टोके चकतीला जोडलेलीच नसतात, नुसती गुंडाळलेली असतात. टोकाजवळ बारीक भोके असतात. कार्ट्रिजमधल्या छोट्या आरशावरून वळलेला प्रकाश त्या भोकांतून ड्राइव्हच्या सेन्सरपर्यंत पोहोचला की मोटर थांबते. आरशावर किंवा सेन्सरवर धूळ असेल तर मोटर थांबत नाही आणि फीत सुटून येते. खालच्या धातूच्या पत्र्याचे स्क्रू काढा, हातमोजे घालून टोक चकतीवर ठेवा आणि भोके मागे पडेपर्यंत हाताने गुंडाळा. त्याच वेळी आतला पट्टा नीट पाहा. तो सैल झाला असेल किंवा फितीला चिकटला असेल तर बदलावाच लागेल. दुसऱ्या जुन्या टेपेतला पट्टा मी घेत नाही, कारण त्याचेही वय तेवढेच असते. नवा, पातळ, लवचिक प्लास्टिकचा पट्टा मिळतो, तो वापरा.

एवढे झाल्यावर टेपेवर चुकून काही लिहिले जाऊ नये म्हणून तिची कुलूपपट्टी सरकवा आणि मगच टेप ड्राइव्हमध्ये घाला. हा ड्राइव्ह फ्लॉपीच्या केबलवर चालतो, त्यामुळे मदरबोर्डवर खरा फ्लॉपी कंट्रोलर हवा. यूएसबी फ्लॉपीने काम होणार नाही. टेप ज्या प्रोग्रॅमने भरली तोच प्रोग्रॅम शोधा. टेपेची मूळ क्षमता १२० एमबी आहे. ड्राइव्हच्या नावातला २५० हा आकडा माहिती दाबून ठेवल्यावरचा, आणि ती उलगडायला सहसा तोच प्रोग्रॅम लागतो. मध्ये चुका दिसल्या तरी निराश होऊ नका. टेपेवरची माहिती ब्लॉक नावाच्या छोट्या तुकड्यांत असते; प्रत्येक ३२ ब्लॉकमधले ३ ब्लॉक केवळ दुरुस्तीसाठी राखलेले असतात, त्यामुळे थोडी खराबी भरून निघते.

फायली हाती आल्यावर अक्षरे भलतीच दिसतील. घाबरून काही पुसू नका. त्या काळची मराठी जुळणी युनिकोडमध्ये नव्हती. श्री-लिपी, आकृती अशा पॅकेजांत प्रत्येक अक्षरखुणेला फाँटचा स्वतःचा क्रमांक असे. तोच फाँट बसवला की मजकूर उमटेल, आणि मग तो युनिकोडमध्ये बदलता येईल. छापखान्यातल्या फ्लॉप्यांवर किंवा बिलांवर पॅकेजचे नाव असेल, ते मला कळवा. कोणता कन्व्हर्टर लागेल ते मी पुढच्या अंकात लिहितो.