निजामकाळातली इनामाची सनद घरात सापडली आहे. तिच्यावरून जमीन आमच्या मालकीची ठरते का?

नुसती सनद सापडली म्हणून नाही ठरत. एवढं सांगून थांबलो असतो, पण हाच प्रश्न आमच्या भावकीत इतका पेटलाय की एकमेकांच्या लग्नाला जाणं बंद झालंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आम्ही गुरव, बीड जिल्ह्यातले. गावात महादेवाचं देऊळ आणि देवळाच्या सेवेसाठी दिलेली काळी जमीन. घरात सगळे ज्याला सनद म्हणतात तो खरं तर मुंतखब आहे, म्हणजे इनामाची चौकशी झाल्यावर निजाम सरकारनं दिलेला शिक्क्याचा उतारा. साल 1331 फसली, म्हणजे निजामाच्या महसुली कालगणनेतलं. त्यात 590 मिळवा, इसवी सन 1921 येतं. कागद पत्र्याच्या नळकांड्यात असायचा. घड्या फाटू नयेत म्हणून मागून मलमलीच्या पट्ट्या चिकटवलेल्या, उर्दू अक्षर एकमेकांत गुंतलेलं. घरात कुणालाच वाचता येत नव्हतं, पण दसऱ्याला त्याची पूजा मात्र न चुकता.

मग शेतातून रस्ता जाणार अशी नोटीस आली आणि पुण्याचे चुलतभाऊ गावात उगवले. मोबाईलमध्ये मुंतखबाचा फोटो. म्हणाले, "पणजोबांचं नाव आहे, म्हणजे मालकी आपली. मावेजाचे समान हिस्से करू." मी तो कागद एका निवृत्त उर्दू शिक्षकांकडं नेला. इनामदाराचं नाव, सर्व्हे नंबर, क्षेत्र असं ते रकान्यामागून रकाना वाचत गेले आणि एका ठिकाणी नख टेकवून थांबले. "मश्रूत-उल-खिदमत." सेवेच्या अटीवर. पूजा, दिवाबत्ती, झाडलोट चालू राहील तोवर इनाम.

चुलतभावाला सांगितलं तर म्हणे, "त्या अटी जुन्या झाल्या." म्हणलं, एकाच कागदावर नाव तेवढं चालतं आणि अट जुनी होते का? वडील गेल्यावर दिवाबत्ती माझ्या आईनं केली. पावसाळ्यात देवळापुढं गुडघाभर चिखल असायचा, तरी पदराखाली निरांजन धरून ती जायची. पुण्याच्या घरातल्या कुणी त्या देवळात कधी केरसुणी धरल्याचं मला आठवत नाही.

त्यांचे वकील आम्हाला दम देतात, "खंडपीठात जाऊ, लेटर्स पेटंट अपील करू." खुशाल करा. ही लेटर्स पेटंट म्हणजे तरी काय? विलायतेतली सनदच. राजानं हक्क, पदवी किंवा अधिकार द्यायचा तर मोहोर लावलेलं उघडं पत्र काढायचं, कुणीही वाचावं असं. मुंबई हायकोर्ट 1862 साली राणीच्या अशाच पत्रावर उभं राहिलं, आणि एका न्यायाधीशाच्या निकालावर दोघांपुढं अपील करायची वाट आजही त्याच जातीच्या पत्रातून, 1865 च्या, निघते. तिथंही कुठलं अपील चालतं नि कुठलं नाही हे कलमात लिहिलंय. म्हणजे राणीच्या पत्रातली अट वकिलांना पाठ, आणि आपल्या देवाच्या कागदातली दिसत नाही.

तुमच्यापुरतं सांगायचं तर आधी इनाम कोणत्या प्रकारचं आहे ते काढा. जहागिरी 1949 सालीच गेल्या. बाकीच्या इनामांना 1954 चा हैदराबाद इनाम निर्मूलन कायदा लागला, पण देवस्थान आणि धर्मादाय संस्थांची इनामं त्यातून वगळली. म्हणून देवळाची किंवा दर्ग्याची जमीन कुणी "आमच्या बापाची" म्हणून विकत असेल तर घेऊ नका, मग ती कितीही स्वस्त असो. मुंतखबाची नक्कल कलेक्टर कचेरीतून मागा. सोबत 1954-55 चं खासरा पाहणीपत्रक, म्हणजे तेव्हा जमीन कुणाकडं होती त्याची नोंद, सगळे फेरफार आणि आजचा सातबारा. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग 2 (म्हणजे परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) आणि इतर हक्कात काय लिहिलंय ते बघा. तिथं "खिदमत इनाम", म्हणजे सेवेचं इनाम, असेल तर विरासत (वारसाची नोंद) कुणाच्या नावे मंजूर झाली तेही बघा. आपसात वाटणीपत्र केलं तरी सेवेची जमीन वाटली जात नाही, हे आमच्या पुण्याच्या मंडळींनीही वाचावं.

हां, तुमचा कागद मदतमाशचा निघाला, म्हणजे सेवेची अट नसून चरितार्थासाठी दिलेला, तर माझं वरचं बरंचसं तुम्हाला लागू होणार नाही. पाटीलकी-वतनाचा असेल तर त्याचा कायदा आणखी वेगळा. मी वकील नाही. महसुलाचं काम करणारा वकील गाठा, आणि उर्दू वाचणारा माणूस त्याच्याही आधी. कागदाला लॅमिनेशन मात्र करू नका. चुलतभाऊ तेच करायला निघाले होते, फ्रेम करून दिवाणखान्यात लावायची म्हणून.