शेअर्ड फोल्डरला ग्रुपनुसार परवानग्या कशा द्याव्यात?

आपल्या प्रश्नात खरे तर तीन प्रश्न आहेत. 'लेखा' फोल्डरच्या सिक्युरिटी टॅबमध्ये लेखा विभागाच्या ग्रुपला 'मॉडिफाय' (बदल करण्याची परवानगी) दिलेले असूनही कोणालाच फाइल सेव्ह करता येत नाही. 'पगार' फोल्डरमधील फाइलींची यादी सर्वांना दिसते, फाइली उघडत नाहीत, परंतु मार्च महिन्याचे पगारपत्रक मात्र भांडार विभागातील एका सहकाऱ्याला उघडते. आणि या गोंधळाला कंटाळून ग्रुप सोडून प्रत्येकाचे नावच फोल्डरवर घालावे काय, असे आपण विचारले आहे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: घालू नये. कार्यालयांचे विंडोज सर्व्हर सांभाळताना मी ज्या गुंत्यांत अडकलो, त्यांतील बहुतेकांच्या मुळाशी फोल्डरवर थेट घातलेली माणसांची नावेच होती.

सेव्ह न होण्याचे कारण बहुधा दुसऱ्याच, म्हणजे शेअरिंगच्या, टॅबमध्ये सापडेल. नेटवर्कवरून येणाऱ्या माणसाला दोन दारे ओलांडावी लागतात. पहिले दार शेअरचे, म्हणजे फोल्डर नेटवर्कवर खुला करताना दिलेल्या परवानग्यांचे; त्यावर 'रीड', 'चेंज' आणि 'फुल कंट्रोल' एवढ्या तीनच पातळ्या असतात. दुसरे दार एनटीएफएस या विंडोजच्या फाइलव्यवस्थेचे, म्हणजे सिक्युरिटी टॅबचे, आणि त्याचे नियम पुष्कळ बारीक असतात. या दोहोंपैकी जे अधिक कडक असेल तेच लागू होते. विंडोज सर्व्हर २००३ पासून नवीन शेअर तयार करताना 'एव्हरीवन'ला सहसा केवळ 'रीड' मिळते, त्यामुळे आत कितीही सढळ हाताने 'मॉडिफाय' दिले तरी माणूस पहिल्याच दारात अडतो. सर्व्हरवर प्रत्यक्ष बसून तीच फाइल सेव्ह करून पाहिली तर ती सेव्ह होते, कारण तेथे शेअरचे दार लागतच नाही. आपलाही गोंधळ याच चाचणीने वाढला असावा.

शेअरवर 'ऑथेंटिकेटेड युजर्स'ना (आपल्या खात्याने लॉगइन झालेल्या सर्वांना) 'चेंज' आणि प्रशासकांना 'फुल कंट्रोल' द्यावे, आणि खरी वाटणी एनटीएफएसवर करावी, अशी माझी पद्धत आहे. शेअरवर सरसकट सर्वांना 'फुल कंट्रोल' द्यावे असे सांगणारेही पुष्कळ आहेत, परंतु मला ते पटत नाही. जो फाइल तयार करतो तो तिचा मालक ठरतो, आणि मालकाला आपल्या फाइलीच्या परवानग्या बदलण्याचा अधिकार आपोआप असतो. शेअरवर 'चेंज' एवढेच असले की नेटवर्कवरून तो अधिकार वापरता येत नाही.

आता ग्रुपांविषयी. ॲक्टिव्ह डिरेक्टरीमध्ये (सर्वांची खाती आणि ग्रुप ठेवणाऱ्या विंडोजच्या यादीत) माणसे एका ग्लोबल ग्रुपमध्ये ठेवावीत, उदाहरणार्थ 'लेखा विभाग'. फोल्डरसाठी 'लेखा-बदल' आणि 'लेखा-वाचन' असे दोन डोमेन लोकल ग्रुप करावेत. त्यांना फोल्डरवर अनुक्रमे 'मॉडिफाय' आणि 'रीड अँड एक्झिक्यूट' द्यावे. आणि मग 'लेखा विभाग' हा ग्रुप 'लेखा-बदल'मध्ये टाकावा. चाळीस माणसांच्या कार्यालयात हा दुमजली खटाटोप अनाठायी वाटेल, परंतु लेखापरीक्षक दोन आठवड्यांसाठी येतात तेव्हा त्यांना 'लेखा-वाचन'मध्ये घालून नंतर काढले की काम संपते, फोल्डरला हात लावावा लागत नाही. फोल्डरवरची परवानगी बदलली की विंडोजला आतील प्रत्येक फाइलीवर ती नव्याने लिहावी लागते; लाखभर फाइली असल्या तर त्याला बराच वेळ लागतो आणि मध्येच खंड पडला तर अर्धवट स्थिती उरते. शिवाय नोकरी सोडून गेलेल्या माणसाचे खाते काढून टाकले की त्याच्या नावाच्या जागी एस-१-५-२१ ने सुरू होणारा एक लांबलचक क्रमांक राहतो, आणि तो कोणाचा होता हे वर्षभराने कोणालाच सांगता येत नाही. 'फुल कंट्रोल' मात्र विभागप्रमुखांनाही देऊ नये. रोजच्या कामाला 'मॉडिफाय' पुरते.

एक गोष्ट हमखास विसरली जाते: ग्रुपमध्ये नव्याने घातलेल्या माणसाला लॉगऑफ करून पुन्हा लॉगइन करावे लागते, कारण तो कोणकोणत्या ग्रुपांत आहे याची नोंद लॉगइनच्या वेळीच होते. संगणक नुसता लॉक करून उघडल्याने भागत नाही. "साहेब, अजूनही ॲक्सेस डिनाइड येतंय" असा दूरध्वनी आला की मी प्रथम हेच विचारतो.

मार्चचे पगारपत्रक माझ्या अंदाजाने दुसऱ्या एखाद्या सामायिक फोल्डरमधून कट-पेस्ट करून 'पगार'मध्ये आणलेले असावे. एकाच व्हॉल्यूमवर, म्हणजे एकाच ड्राइव्हवर, फाइल हलवली तर ती जुन्या जागेच्या परवानग्या बरोबर घेऊन येते. कॉपी केली तर नव्या फोल्डरच्या परवानग्या घेते. त्या फाइलीची 'पगार'मध्येच कॉपी करून मूळ फाइल काढून टाकणे हा सोपा उपाय आहे. आतील सर्व फाइलींच्या परवानग्या एका फटक्यात बदलण्याची चौकट ॲडव्हान्स्ड खिडकीत आहे, पण तिने आत कोठेही मुद्दाम दिलेल्या वेगळ्या परवानग्या पुसल्या जातात, म्हणून ती विचार करूनच निवडावी. फाइलींची नावेही इतरांना दिसू नयेत असे वाटत असेल (पगाराच्या बाबतीत वाटलेच पाहिजे), तर शेअरवर ॲक्सेस-बेस्ड एन्युमरेशन सुरू करावे. मग ज्याला जे वाचता येत नाही ते त्याच्या यादीतच येत नाही.

त्या सहकाऱ्याला अडवण्यासाठी 'डिनाय'ची खूण मात्र करू नये. मी नवखा असताना एका कार्यालयात एकाच माणसाला रोखायचे म्हणून 'एव्हरीवन'समोर 'डिनाय' निवडले आणि संचालकांसह सगळे बाहेर पडले, मीसुद्धा. ज्याला परवानगीच दिलेली नाही त्याला वेगळे नाकारावे लागत नाही.

आपण विचारलेले नाही, तरी सांगतो: 'मॉडिफाय'मध्ये डिलीटही येते, त्यामुळे माऊस घसरून अख्खा 'लेखा' फोल्डर शेजारच्या फोल्डरमध्ये ओढला जाण्याचा प्रकार फार वेळा घडतो. तो टाळण्यासाठी 'मॉडिफाय' केवळ 'सबफोल्डर्स अँड फाइल्स ओन्ली' या व्याप्तीने द्यावे, आणि 'धिस फोल्डर ओन्ली' साठी वाचन व नवीन फाइली-फोल्डर तयार करणे एवढेच अधिकार द्यावेत.

बदल केल्यावर ॲडव्हान्स्ड खिडकीतील 'इफेक्टिव्ह ॲक्सेस' टॅबमध्ये त्या भांडारातील सहकाऱ्याचे नाव घालून पाहावे. आणि हे सारे सुरू करण्यापूर्वी विंडोजची आयकॅकल्स (icacls) ही आज्ञा 'सेव्ह' पर्यायासह चालवून सध्याच्या एनटीएफएस परवानग्या एका फाइलीत उतरवून ठेवाव्यात. शेअरच्या परवानग्या त्या फाइलीत येत नाहीत. त्या दोन-तीन ओळीच असतात, वहीत लिहून ठेवल्या तरी चालतील.