ग्राफाइट घातलं, घर्षण उतरलं, मग झीज का वाढली?

प्रश्न : ए३५६ या अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूत वजनाने ८ टक्के ग्राफाइटची भुकटी स्टर कास्टिंगने (वितळलेल्या धातूत ढवळून ओतण्याच्या पद्धतीने) मिसळली. पिन-ऑन-डिस्क चाचणीत (फिरत्या चकतीवर धातूची पिन दाबून घासतात ती) घर्षण गुणांक कमी झाला, पण पिनची झीज साध्या ए३५६पेक्षा जास्त भरली. वंगण धातूतच असताना असं कसं?

उत्तर : घर्षण ठरतं पृष्ठभागावरच्या पातळ काळ्या थरावर, झीज बरीचशी त्याखालच्या धातूवर. घासताना ग्राफाइट पिळून बाहेर येतं, पसरतं आणि थर धरतं. पण कण मऊ, त्यांची धातूशी पकड कच्ची. ८ टक्क्यांत ते इतके दाटीने बसतात की पृष्ठभागाखालची भेग एका कणावरून दुसऱ्यावर सहज उडी मारते आणि धातूची खपलीच निघते. डिस्कवरचा चुरा भिंगाखाली पाहा. बारीक काळी पूड असेल तर थर काम करतोय. चकचकीत, पातळ खपल्या दिसल्या तर खालचा धातू सुटतोय.

तरी पहिला संशय ओतकामावर घ्या. या मिश्रणाची हिशोबाने घनता सुमारे २.६३ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर येते (धातू २.६८, ग्राफाइट २.२ धरून). पाण्यात तोलून ती २.५० भरली, तर ५ टक्के नुसती पोकळी आहे, आणि मग ग्राफाइटला दोष देण्यात अर्थ नाही. वितळलेलं अ‍ॅल्युमिनियम ग्राफाइटला चिकटायला तयार नसतं, शिवाय भुकटीतला ओलावा आणि अडकलेली हवा आत जाते. म्हणून भुकटी आधी ४०० अंश सेल्सिअसला तासभर तापवा, रसात १ टक्का मॅग्नेशियम घाला, भुकटी थोडीथोडी सोडा. ढवळताना भोवरा फार खोल झाला तर तोच हवा ओढतो. चिकटत नाही म्हणून भट्टी चढवण्याचा मोह आवरा. रस जास्त तापला, जास्त वेळ राहिला तर अ‍ॅल्युमिनियम कार्बाइड बनतं, ते ठिसूळ असतं आणि दमटपणात फुटतं.

ग्राफाइट हलकं, त्यामुळे ढवळणं थांबलं की वर तरंगतं. लगेच ओता. वरच्या आणि खालच्या भागातून वेगळ्या पिना कापा, आकडे जुळले नाहीत तर मिसळणच नीट नाही.

पुढच्या खेपेला ग्राफाइट ३-४ टक्के ठेवा आणि सोबत ५ ते १० टक्के सिलिकॉन कार्बाइड घाला, म्हणजे भार कठीण कण पेलतील. मात्र हेच कण समोरची डिस्क खरवडतात, म्हणून डिस्कचीही झीज मोजा. ही मोजणी बहुतेक जण विसरतात!

तुलना वजनाने करू नका, घनफळाने करा. २० न्यूटन भाराखाली १००० मीटरमध्ये १२ मिलिग्रॅम गेलं आणि घनता २.६५ असेल, तर ४.५३ घन मिलिमीटर झीज; भाराने आणि अंतराने भागून ०.०००२३ घन मिमी प्रति न्यूटन-मीटर. पिन तोलण्याआधी अ‍ॅसिटोनने धुऊन पूर्ण वाळवा, पोकळ्यांत राहिलेला द्रव वजन फसवतो.

प्रश्न : निर्वात जागेतल्या बुशसाठी (दांडा ज्यात फिरतो त्या नळीसाठी) हाच धातू चालेल का?

उत्तर : नाही. ग्राफाइटचे पापुद्रे सहज सरकतात ते हवेतल्या बाष्पामुळे. निर्वातात ते उलट झिजतात. तिथे मोलिब्डेनम डायसल्फाइड हे दुसरं घन वंगण घ्या. ते वितळलेल्या रसात टाकू नका, अ‍ॅल्युमिनियमशी त्याची रासायनिक क्रिया होते. भुकट्या दाबून, तापवून घट्ट करण्याची पद्धत वापरा. दमट हवेत मात्र त्याचं घर्षण वाढतं, त्यामुळे जमिनीवरच्या चाचणीचे आकडे जसेच्या तसे धरू नका.