‘होत नाही’ आणि ‘नको’

“मॅडम, मुलगा-सून मूल नको म्हणतात. माझं कुठं चुकलं, तेवढं सांगा.”

सकाळच्या एसटीनं आलेल्या काकूंनी खुर्चीत बसता बसताच हे विचारलं. (हकिकत त्यांच्या परवानगीनं लिहिते आहे, ओळखीच्या खुणा बदलून.) हा प्रश्न माझ्याकडे हल्ली फार येतो. पूर्वी आईवडील मुलांना सोबत घेऊन यायचे, “यांना जरा समजवा” म्हणून. आता बरेचसे एकटेच येतात आणि स्वतःची समजूत कशी घालायची ते विचारतात. मला हा बदल मोठा वाटतो.

काकू ६४ वर्षांच्या. मुलाच्या लग्नाला आठ वर्षं झालेली. दोन वर्षांपूर्वी मुलानं आणि सुनेनं त्यांना शांतपणे समोर बसवून सांगितलं होतं : तब्येतीची काही अडचण नाही, पुष्कळ विचार केलाय, आम्हाला मूल नको आहे. काकू तेव्हा “बरं” म्हणाल्या आणि तेव्हापासून त्यांची झोप उडाली.

मी कारणमीमांसेत शिरले नाही. “तुम्हाला काय काय करायचं होतं?” एवढंच विचारलं. त्यांनी पिशवीतून एक दुपटं काढून टेबलावर ठेवलं. जुन्या सुती साडीचं, धुऊन धुऊन मऊ पडलेलं, कडेनं बारीक धावदोरा. “अशी सहा शिवलीत. लेकीची बाळंतपणं तिकडं हैदराबादला झाली, मला काहीच करता आलं नाही. पायावर घेऊन न्हाऊ घालायचं होतं हो एका तरी बाळाला.” मग त्या खूप वेळ रडल्या. मी रडू दिलं.

माणूस गेलं तर चार माणसं भेटायला येतात. न आलेल्या नातवंडाचं दुःख मात्र कुणापाशी बोलायची सोय नाही. ते दुःख खरं असतं. त्याला स्वार्थ किंवा जुनाट विचार म्हणून झटकलं की ते टोमणे होऊन बाहेर पडतं. पण ते दुःख काकूंचं होतं, सुनेनं फेडायचं कर्ज नव्हे. हे दोन्ही एकत्र धरायला आम्हाला तीन भेटी लागल्या.

दुसऱ्या भेटीत मी विचारलं, “लोक विचारतात तेव्हा काय सांगता?” काकूंनी मान खाली घातली. “ट्रीटमेंट चालू आहे, असं सांगते.”

इथं खरी गाठ होती. ‘होत नाही’ म्हटलं की लोक हळहळतात, ‘नको’ म्हटलं की चिडतात. काकूंनी हळहळ पत्करली आणि भार पडला सुनेवर. कुणी तिला डॉक्टरांचे पत्ते पाठवले, कुणी सोळा सोमवार सांगितले. एका डोहाळेजेवणात ती ओटी भरायला उठली, तर कुणीतरी म्हणालं, “तू राहू दे गं.” ती हसून पुन्हा खाली बसली. काकू शेजारीच होत्या, गप्प. मला सांगताना त्यांना ‘वांझ’ हा शब्द उच्चारवेना, पण त्या दिवशी खोलीत तोच होता.

“आमच्या वेळी नव्हती असली खुळं,” असंही त्या म्हणाल्या. र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं ते १९२१ साली. त्यांना आणि त्यांच्या पत्नी मालतीबाईंना मूल नव्हतं, आणि तो त्यांचा ठरवलेला निर्णय होता. एवढं सांगून मी काकूंनाच विचारलं, तुमचं दोनवर थांबायचं कसं ठरलं? मग निघालं. एक मुलगी, एक मुलगा झाल्यावर १९८९ साली त्यांनी ऑपरेशन करून घेतलं. सासूबाईंना आणखी एक नातू हवा होता. त्या चार महिने बोलल्या नाहीत.

“तुम्ही त्यांना काय उत्तर दिलंत?”

“उत्तर कसलं? आमचं दोघांचं ठरलं होतं.”

बोलून झाल्यावर त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मी पुढे काही बोलले नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात एका बाईमागे सरासरी मुलं १९९२-९३ मध्ये जवळजवळ तीन होती, २०१९-२१ मध्ये १.७. हे अंतर काकूंसारख्या बायकांनीच कापलेलं आहे, सासवांचा अबोला सोसून.

राहता राहिली “म्हातारपणी यांना कोण बघणार?” ही काळजी. ती रास्त आहे, फक्त मूल हे तिचं हमखास उत्तर नाही. आईवडिलांच्या निर्वाहासाठी २००७ साली कायदा करावा लागला, यातच सगळं आलं. त्याच कायद्यात निपुत्रिक ज्येष्ठांना, त्यांची मालमत्ता ज्या नातेवाइकाकडे आहे किंवा जाणार आहे, त्याच्याकडून निर्वाह मागता येतो. तिसऱ्या भेटीला मुलगा-सून दोघं आले, तेव्हा त्यांनी पैशांची तजवीज, विमा, मृत्युपत्र, आजारपणात निर्णय कोण घेणार, हे सगळं आईसमोर मांडलं. मूल असलेल्या फार थोड्या जोडप्यांनी एवढा विचार केलेला मी पाहिलाय.

सून त्या दिवशी एकच वाक्य बोलली. “आई, मला मूल होत नाही असं सांगू नका. मला नकोय, असं सांगा.”

काकूंनी ते वाक्य माझ्यासमोर चार-पाच वेळा म्हणून पाहिलं. पहिल्यांदा आवाज फुटेना. महिन्याभरानं फोन आला. भिशीत विषय निघाला होता. “सांगितलं मी. त्यांना नकोय, दोघांनी ठरवलंय. एक-दोघींनी तोंडं वाकडी केली. पण ती पलीकडची माळीण नाही का, ती हळूच म्हणाली, आमच्या धाकट्याचं पण तसंच आहे.”

मग म्हणाल्या, शेजारच्या पोरीला मुलगी झाली, तिला चार दुपटी देऊन टाकली. रोज सकाळी न्हाऊ घालायलाही जाते.

“आणि उरलेली दोन?”

“असू देत कपाटात.”

मी बरं म्हटलं.